बोर्दोची पांढरी आणि 'मासा असेल तर चालेल'

सध्या एक निरोप फिरतो आहे: "फ्रेंच पांढरी ब्लेंड म्हणजे उरल्यासुरल्या द्राक्षांची वाइन. बर्फासारखी थंड करा, कुठल्याही माशासोबत प्या, चीज आलं की रेड उघडा." फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या पांढऱ्या वाइनला यातलं एकही वाक्य धड लागू पडत नाही.

उरल्यासुरल्याचं आधी. बोर्दोत द्राक्षं मिसळणं हीच जुनी रीत आहे. सोव्हिन्यॉ ब्लां आंबटपणा आणि लिंबू-गवताचा वास देते, सेमियों अंग, म्हणजे तोंडातला भरीवपणा देते, म्युस्कादेल असलीच तर फुलांच्या वासापुरती. रस सहसा वेगवेगळे आंबवून, चाखून मग प्रमाण ठरवतात. बोर्दोतल्याच पेसाक-लेओन्यां या भागाच्या बहुतेक नामांकित पांढऱ्याही याच मिश्रणाच्या.

'कुठलाही मासा' हा खरा घोळ. मासा आहे का यापेक्षा वाइन स्टीलच्या टाकीत झाली की ओकच्या पिंपात, आणि ताटात रस्सा कसला, हे बघायचं. गरोन आणि दोर्दोन्य या नद्यांमधल्या आंत्र-द्यु-मेरची वाइन बहुधा टाकीतली, हलकी, आंबट. बोर्दोजवळच्या आर्काशों उपसागरातली कालवं, वाफवलेले शिंपले, लिंबू पिळलेला भाजका मासा हे तिचं खाणं. पेसाकची पिंपातली वाइन कालवांवर घेतलीत तर खारेपणापुढे ओक कडू लागतो. तिला लोणी, साय, मश्रूम हवं: भाजलेली कोंबडी किंवा सायीच्या रश्श्यातलं वासराचं मांस. यात मासा कुठेच नाही! उलट आंत्र-द्यु-मेर सायीच्या रश्श्यासोबत नुसतं लिंबूपाणी वाटते. लेबलवर 'फ्यु द शेन' दिसलं तर ती ओकच्या पिंपातली.

आपल्याकडची रव्यात तळलेली सुरमई, तिखट बेताचं असेल तर, टाकीतल्या वाइनसोबत छान जाते. कोकम घातलेलं झणझणीत कालवण मात्र नको. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन सपक लागते, आणि साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. तिथे बिअर बरी.

बर्फासारखी थंड केली की वास दबतो आणि ओकचा कडूपणा पुढे येतो. टाकीतली 8 ते 10 अंशांना, पिंपातली 11 ते 13 अंशांना द्यावी. फ्रिज साधारण 4 अंशांचा, म्हणून पहिली 15 मिनिटं आणि दुसरी अर्धा तास आधी बाहेर काढा. उन्हाळ्यात याहून कमी वेळ पुरतो. ग्लासातही एका वेळी 100 मिलीच ओता. थंड करायची राहिलीच तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात फटींमधली हवा आड येते आणि दुप्पट वेळ जातो.

चीजचं म्हणाल तर बकरीच्या दुधाच्या ताज्या चीजसोबत तुरट टॅनिनवाली रेड कडवट, धातूसारखी लागते. सोव्हिन्यॉ जास्त असलेली पांढरी तिथे चपखल बसते. जुन्या कोंतेला, म्हणजे गाईच्या दुधाच्या कडक चीजला, पिंपातली द्या. फक्त रोकफोर या निळ्या बुरशीच्या चीजपुढे कोरडी पांढरी हरते, कारण त्याचा खारेपणा तिला पातळ करून टाकतो. पण म्हणून रेड नको, बोर्दोचीच गोड वाइन सोतेर्न घ्या: तीच सेमियों, तीच सोव्हिन्यॉ, फक्त बुरशीने सुकवून गोड झालेली. माणशी 60 मिली पुरे.