राजाराम कॉलेजच्या जुन्या इमारतीविषयी खुलासा
भवानी मंडपाजवळच्या ज्या दगडी इमारतीत आज मेन राजाराम हायस्कूल भरते, तेथले जुने राजाराम कॉलेज राजर्षी शाहू महाराजांनी स्थापन केले, असा मजकूर सध्या कोल्हापुरात फिरत आहे. तो बरोबर नाही. कॉलेजचे वर्ग १८८० साली सुरू झाले, तेव्हा महाराज हे कागलच्या घाटगे घराण्यातले सहा वर्षांचे यशवंतराव होते. त्यांचे दत्तकविधान १८८४ साली झाले आणि राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली ती १८९४ साली. कॉलेजला नाव आहे ते १८७० साली इटलीत फ्लॉरेन्स येथे ऐन तारुण्यात निवर्तलेल्या राजाराम महाराजांचे. शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीत हे कॉलेज आर्य समाजाकडे चालवायला दिले, हे मात्र खरे, आणि ते आवर्जून सांगायला हवे. कॉलेज पुढे सागरमाळावर गेले.