रिफिल की नवं कार्ट्रिज : ‘उद्यमनगरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की घरच्या इंकजेट, म्हणजे पातळ शाई उडवणाऱ्या, प्रिंटरला शक्यतो नवंच कार्ट्रिज (शाईची डबी) घ्यावं, रिफिलने, म्हणजे रिकामं पुन्हा भरून वापरल्याने, प्रिंटर खराब होतो. त्यावर तुमचं म्हणणं असं : कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, इंजिनं रिबोअर करून वर्षानुवर्षं चालवतात आणि हा माणूस दोन चमचे शाईसाठी आख्खं कार्ट्रिज फेकायला सांगतोय. एक रिफिल बिघडलं म्हणून सगळ्या रिफिलवाल्यांच्या पोटावर पाय दिलात. आणि ‘कार्ट्रिज रिकामं आहे’ हा प्रिंटरचा मेसेज म्हणजे कंपन्यांची शुद्ध लबाडी.

आधी माझी चूक. ‘रिफिलने प्रिंटर खराब होतो’ हे सरसकट लिहायला नको होतं. आपल्याकडे घरोघरी जे छोटे प्रिंटर आहेत, एचपीचं ८०३ किंवा कॅननचं ७४५-७४६ कार्ट्रिज लागणारे, त्यांत शाई उडवणारं हेड कार्ट्रिजवरच असतं. कार्ट्रिजच्या तळाला चकाकती पट्टी दिसते, ते हेड. तिथे रिफिल फसलं तर कार्ट्रिज जातं, प्रिंटर राहतो. नवं बसवलं की हेडही नवं. शाई गळून आतल्या कॉन्टॅक्टवर उतरली तरच मशीनला त्रास, आणि वेळेत पुसली तर तोही टळतो. ज्या प्रिंटरमध्ये हेड मशीनमध्येच बसवलेलं असतं, जसं एपसनमध्ये, तिथे मात्र वाईट शाईने हेड चोंदलं तर दुरुस्तीपेक्षा नवा प्रिंटर बरा अशी पाळी येते. माझं वाक्य तेवढ्यापुरतंच खरं होतं. मूळ लेखात आजच दुरुस्ती केली आहे.

आता रिबोअर. ही तुलना तुम्ही केलीत ते बरं झालं, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. रिबोअर करणारा काय करतो? आधी बोअर मापतो. झिजून अंडाकृती झालेला सिलिंडर मशीनवर पुन्हा गोल करतो, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकतो. म्हणजे जे झिजलंय त्यालाच हात घालतो. नुसतं ऑइल बदलून ‘इंजिन केलं’ असं उद्यमनगरात कोणी म्हणणार नाही. इंकजेटच्या रिफिलमध्ये मात्र फक्त ऑइल बदलतं. झिजणारी वस्तू, म्हणजे हेड, जुनंच राहतं.

ते हेड कशाने जातं हे कळलं की अर्धा प्रश्न सुटतो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्या निरीक्षणावर हे तंत्र उभं राहिलं. हेडमध्ये केसाहून बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर. तो क्षणभर तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि त्या धक्क्याने थेंब कागदावर पडतो. म्हणजे शाई नुसता रंग देत नाही, हीटरला थंडही ठेवते. कार्ट्रिज कोरडं पडल्यावरही आपण ‘अजून दोन पानं निघतील’ म्हणून प्रिंट देत राहतो, तेव्हा हीटर कोरडाच तापतो आणि जळतो. मग त्यात सोन्याची शाई भरली तरी त्या छिद्रातून काही येत नाही.

हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही. राजारामपुरीतल्या एका रिफिलवाल्याकडे मी तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडलेलं रिकामं कार्ट्रिज घेऊन गेलो होतो. त्याने ते उलटं धरलं, पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “दादा, तुम्ही ह्ये वाळवून आणलंय. भरतो मी, पण चाललंच असं सांगत न्हाई.” माझ्यासमोर लेबल सोलून तीन भोकांत तीन सुया घातल्या आणि इतकं सावकाश भरलं की मला घाई झाली. आत स्पंज असतो. जोरात दाबलं तर शाई वर येते आणि रंग एकमेकांत मिसळतात. भरून झाल्यावर हेड ओल्या टिश्यूवर टेकवलं. निळा आणि पिवळा पट्टा स्वच्छ उमटला, गुलाबीचा पत्ताच नव्हता. त्याने तीनदा प्रयत्न केला आणि पैसे घेतले नाहीत. अशा माणसाच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही, दादा. लेखातून तसं वाटलं असेल तर माफी मागतो.

लेझर प्रिंटरच्या टोनरचं, म्हणजे शाईऐवजी लागणाऱ्या पावडरीचं, म्हणाल तर तिथे तुमची तुलना शंभर टक्के बसते. एचपीचं १२ए किंवा ८८ए कार्ट्रिज चांगला कारागीर उघडतो, वाया गेलेली पावडर काढतो, झिजला असेल तर ड्रम बदलतो, ब्लेड बदलतो, मग नवी पावडर भरतो. ते खरं रिबोअर. १२एची अधिकृत क्षमता २,००० पानांची आहे आणि नीट केलेलं रिफिल त्याच्या आसपास जातं. तिथे नवंच घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही.

मग इंकजेटच्या रिफिलवर मी एवढा का चिडलो होतो? कारण पैशांचं नव्हतं, कागदाचं होतं, आणि ते मागच्या लेखात मी नीट सांगितलंच नाही. जुलैतली गोष्ट. शेजारच्या मावशींचे वारसनोंदीचे कागद मी घरच्या प्रिंटरवर काढून दिले. काका जाऊन दोन महिने झाले होते. मावशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून रिक्षाने निघाल्या, आणि कोल्हापूरचा जुलैचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पिशवीच्या तोंडातून चार थेंब आत गेले. काकांच्या नावावर एक, गट नंबरावर दोन. अक्षरांच्या कडेने जांभळी वर्तुळं पसरली, नंबर वाचता येईना. कागद परत आले. मावशी काही बोलल्या नाहीत, पण त्या ओल्या कागदाची घडी उलगडून माझ्यापुढे ठेवतानाचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

कारण साधं आहे. ८०३ काय किंवा कॅननचं ७४५ काय, कंपनीच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट शाई असते. तिचे कण कागदावर बसतात आणि पाण्याने सहजासहजी हलत नाहीत. मी ज्याच्याकडून भरून आणलं होतं त्याने सगळ्या काळ्या कार्ट्रिजना एकाच बाटलीतली डाय शाई भरली होती. ती पाण्यात विरघळलेली असते, पाणी लागलं की पुन्हा सुटते. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या. ओळखायची रीत सांगतो : एक ओळ छापा, पाच मिनिटं वाळू द्या, ओलं बोट फिरवा. फराटा जांभळा-निळा पसरला तर त्या शाईवर अर्ज, करारनामा, प्रतिज्ञापत्र छापू नका. मुलांचा शाळेचा प्रोजेक्ट खुशाल छापा.

मेसेजबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. या छोट्या कार्ट्रिजमध्ये किती शाई उरली हे मोजलं जात नाही. किती थेंब उडवले यावरून अंदाज बांधला जातो, म्हणून भरून आणल्यावरही ‘रिकामं’ दिसतं. ओके दाबून पुढे जायचं, फक्त आता पानावर लक्ष आपलं आपणच ठेवायचं. पण कंपन्यांबद्दलचा तुमचा राग मला पटतो. १३ सप्टेंबर २०१६ला एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरनी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजं एका दिवसात नाकारायला सुरुवात केली, कारण तशी सूचना फर्मवेअरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, आधीच घालून ठेवलेली होती. ओरड झाल्यावर ती काढणारं फर्मवेअर द्यावं लागलं. आणि लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने टोनर पुन्हा भरून विकणाऱ्यांवर पेटंटचा दावा लावला, तेव्हा ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. म्हणजे भरून वापरणं ही चोरी नाही. प्लास्टिकचा तुमचा मुद्दाही खरा. आपल्या २०२२च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही धरलेली आहेत, ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची वस्तू नाही.

मी सध्या काय करतो ते सांगतो. नवं कार्ट्रिज घेतलं की अक्षरं पुसट व्हायला लागताच थांबतो. शेवटचं पान रेटत नाही. पट्टीवर टेप लावून त्याच दिवशी भरून आणतो, टिश्यूवर तीनही पट्टे बघितल्याशिवाय निघत नाही. असं दोन-तीनदा चालतं, मग रेघा यायला लागतात आणि मी ते सोडून देतो. सरकारी कागद असले की पिगमेंटचं काळं कार्ट्रिज वेगळं ठेवलंय, तेच लावतो. महिन्याला शे-दोनशे पानं लागणाऱ्याने मात्र या भानगडीत पडूच नये, सरळ टँकचा प्रिंटर (ज्यात बाटलीने शाई ओततात) किंवा लेझर घ्यावा. आणि ज्याच्या घरी महिन्याला चारच पानं निघतात त्याची शाई वापराने संपत नाही, वाळून संपते. त्याने आठवड्याला एक रंगीत पान काढावं, नाहीतर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मित्राचं शाहूपुरीत रिफिलचं दुकान आहे. त्यांना एक विचाराल का : काळ्यासाठी पिगमेंट शाईची वेगळी बाटली ठेवता का? ठेवत असतील तर इथेच कळवा. माझ्याकडे एक अर्धं भरलेलं काळं कार्ट्रिज आहे, अजून कोरडं पडलेलं नाही. या रविवारी घेऊन येतो.