सात खाचा आणि बारा लाख

दर रविवारी तेच: जुनी जीप बघायला जायचं. या वेळी घोडबंदर रोडच्या आतलं गॅरेज. गॅरेजवाला म्हणाला, "दादा, १९४४ ची विलीज जीप, महायुद्धातली. फुल रिस्टोर. बारा लाख."

समोरच्या जाळीला खाचा मोजल्या: सात! अहो, युद्धातल्या विलीजच्या, म्हणजे एमबी मॉडेलच्या जाळीला नऊ असतात. आणि एवढं उंच बॉनेट? ही आपली महिंद्राची युद्धानंतरची जीप, सीजे-३बी. वाईट गाडी नाही हो, मला तीच हवीये, पण तिच्या भावात द्या ना! बॉनेट उचललं, तर आत प्यूजोचं डिझेल इंजिन. आरसीवर मात्र पेट्रोल. मडगार्डला चुंबक लावला, चिकटेचना. नुसती पुट्टी! वरून हिरवा रंग आणि पांढरा तारा, झाली मिलिटरी. चॅसी नंबर? "रंगाखाली गेला, शेठ." दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आरटीओत मी काय तारा दाखवू?

"पण खर्च किती झालाय माहितीये का?"

झाला असेल. तुम्ही हौसेने ओतलेले पैसे म्हणजे गाडीची किंमत, हे कुणी ठरवलं?

पुढच्या रविवारी कळव्याला एक बघायचीये. फोटोत जाळी झाकलेली आहे.