साडूंची साधी दिसणारी गाडी

आमच्या साडूंनी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. सासर दोघांचं एकच आहे, उगाच वाद नकोत.

दिसायला ती चार दारांची, प्रशस्त, सभ्य सेडान आहे. पण तिच्या पोटात सहाशेच्या वर अश्वशक्तीचं इंजिन आहे. हे मला ठाऊक आहे, कारण साडूंनी ते सांगितलंय. भेटल्यावर सांगितलंय, फोनवर सांगितलंय, एका सांत्वनाच्या भेटीतही सांगितलंय, तेही थेट गेलेल्या माणसाच्या मुलाला. तो बिचारा "हो का?" म्हणाला आणि परत रडू लागला.

या जातीच्या गाडीचं सगळं मोठेपण म्हणे ओळखू न येण्यात असतं. स्पोर्ट्स कार काय, लाल रंग आणि दोन दारं पाहून शेंबडं पोरही बोट दाखवतं. इथे बाहेरून सगळं साधं. मागे सायलेन्सरची चार तोंडं, चाकांच्या आड रंगवलेले ब्रेक कॅलिपर आणि डिकीवर एक छोटा बिल्ला. जाणकाराला तेवढं पुरतं. अडचण एवढीच की जाणकार कधी भेटत नाहीत. जर्मनीत तर अशा गाड्यांच्या साध्या बहिणी सर्रास टॅक्सी म्हणून धावतात. शेजारच्या आजोबांनी परवा काच ठोठावून विचारलं, "स्टेशनला सोडायचे किती घेता?" साडू दोन दिवस जेवले नाहीत, असं मेहुणीचं म्हणणं.

म्हणजे बक्कळ पैसे मोजून गुपित विकत घ्यायचं आणि मग तेच गावभर सांगत सुटायचं. यात साडूंना काही विसंगत वाटत नाही.

गाडीत बसलं की आधी इतिहास होतो. मर्सिडीजच्या एरिष वाक्सेनबेर्गर नावाच्या इंजिनिअरने त्यांच्या अवाढव्य ६०० लिमोझिनचं ६.३ लिटरचं व्ही-८ इंजिन त्याहून लहान सेडानमध्ये बसवलं आणि १९६८ साली ती बाजारात आली, तिथपासून सुरुवात. मग तिच्याच एका लाल बहिणीवर एएमजी या गाड्यांचा जोर वाढवून देणाऱ्या कंपनीने हात फिरवला आणि १९७१ च्या बेल्जियममधल्या स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत हलक्याफुलक्या गाड्यांच्या घोळक्यात ही भलीथोरली बाई दुसरी आली. मग १९८५ ची पहिली बीएमडब्ल्यू एम५, २८६ अश्वशक्तीची. मग ५०० ई, जिची रुंद बॉडी मर्सिडीजच्या स्वतःच्या असेंब्ली लाइनवर मावेना म्हणून पोर्शेच्या कारखान्यात जोडणी करून घेतली. इथवर येईतो मी साधारण अर्धवट झोपेत असतो.

पण लोटस कार्ल्टनची गोष्ट आली की मीही कान टवकारतो. १९९० च्या सुमाराला कार्ल्टन नावाच्या एका साध्यासुध्या फॅमिली सेडानला लोटस या स्पोर्ट्स कारवाल्या ब्रिटिश कंपनीने ३७७ अश्वशक्ती देऊन ठेवली. पुढे इंग्लंडमध्ये त्यातली एक चोरीला गेली. चोर दुकानं फोडायचे, तिच्यात बसायचे आणि निघून जायचे. पोलिसांना ती काही केल्या धरता येईना. हे सांगताना साडूंचा ऊर भरून येतो, जणू चोर आपल्याच नात्यातले. आम्हाला मात्र त्या दिवशी कचऱ्याच्या गाडीने ओव्हरटेक केलं. साडू म्हणाले, "जाऊ दे, तेल तापलेलं नाही अजून."

हे तेल म्हणजे या सगळ्या प्रकरणाचं मूळ. इंजिनातलं तेल नीट तापल्याशिवाय जोर लावायचा नाही, असा नेम आहे. नेम चांगला आहे. पण आपण जातो कुठे? सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तेल तापतं तेव्हा दवाखाना आलेला असतो. मग साडू दवाखाना मागे टाकून पुढे निघतात. सासूबाई मान वळवून पाटीकडे बघत राहतात.

सासूबाई पुढे बसतात, कारण मागे बसवत नाही. टायरवर ३५ चा आकडा आहे, म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ३५ टक्के. वळणावर गाडी डुलू नये म्हणून ही काटकसर. रस्ता आणि माझं माकडहाड यांच्यात तेवढंच रबर. सस्पेन्शनला कम्फर्ट, स्पोर्ट आणि स्पोर्ट प्लस अशा तीन पायऱ्या आहेत. कम्फर्टमध्ये खड्डा कळतो, स्पोर्टमध्ये खड्ड्याची खोली कळते आणि स्पोर्ट प्लसमध्ये आपण आयुष्यात काय काय चुकलो ते कळतं. पुढेही फार सुख आहे असं नाही. सीटला दोन्ही बाजूंनी फुगणाऱ्या उशा आहेत, वळणावर माणूस सरकू नये म्हणून. साडूंनी बटण दाबून त्या आवळल्या आणि सासूबाई दवाखान्यात उतरेनात. बटण कुठलं ते साडूंना आठवेना, कारण त्यांना इंजिनाच्या बटणांखेरीज दुसरी पाठ नाहीत.

त्याच दिवशी तेल तापल्यावर मोकळा, सरळ रस्ता मिळाला. साडू थांबले. मागेपुढे पाहिलं. डाव्या पायाने ब्रेक दाबला, उजव्याने ऍक्सिलरेटर तळापर्यंत. इंजिन जागच्या जागी गुरगुरू लागलं. मला म्हणाले, "साडूभाऊ, डोकं मागे टेकवा." मी कारण विचारणार, तेवढ्यात त्यांनी ब्रेक सोडला. शून्यापासून शंभर साडेतीन सेकंदांच्या आत, असं नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की माझं पोट अजून मागच्या चौकात आहे. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मागून कुणी ठोकलं का हो?"

साडूंचा पडलेला चेहरा पाहवेना. मी समजूत म्हणून आवाजाची स्तुती केली. तर त्यांनी आवाजाचाच विषय काढला. नव्या गाड्या इतक्या बंदिस्त झाल्यात की आतल्याला इंजिन ऐकूच येत नाही, म्हणून २०११ च्या एम५ मध्ये तो आवाज चक्क म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरमधून ऐकवायची सोय केली. मी म्हटलं, मग नुसते स्पीकरच घ्यायचे होते. पुढचे काही सिग्नल गाडीत शांतता होती.

वरच्या वेगाचंही असंच. जर्मन कंपन्यांनी आपापसांत समजुतीने ताशी २५० किलोमीटरवर कुलूप घालून ठेवलं. साडूंनी जादा पैसे भरून ते काढून घेतलंय. त्यांच्या रोजच्या रस्त्यावर एक शाळा आणि ओळीने गतिरोधक आहेत. नाक घासू नये म्हणून प्रत्येक गतिरोधक तिरका चढायचा, आणि तेव्हा गाडीतल्या सगळ्यांनी श्वास रोखायचा. श्वास रोखल्याने गाडी वर उचलली जात नाही, हे मी एकदा बोलून पाहिलं. मला खाली उतरवून "किती अंतर राहतंय ते बघा" म्हणून उभं केलं.

आता साडूंचं मन नव्या एम५ वर गेलंय. ७२७ अश्वशक्ती, आणि बॅटरी धरून वजन २,४०० किलोंच्या वर. पहिल्या एम५ पेक्षा जवळजवळ हजार किलोंनी जास्त. यावर मी काही बोललो नाही, वजनाचा विषय आमच्या घरातही नाजूक आहे. पण तिची खुबी वेगळीच आहे. ती साठेक किलोमीटर नुसत्या बॅटरीवर जाते. म्हणजे ओळखू येणार नाहीच, वर ऐकूही येणार नाही. सगळी भिस्त साडूंच्या तोंडावर.