छंद आहेत, आपण बघत नाही

‘हायस्कूलच्या मुलांना आता छंदच उरले नाहीत, नुसता मोबाइल’ हे मुलांच्या मोबाइलवेडावरच्या एका लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. माझी भाची नववीत आहे. तिच्या हातात सदानकदा रुबिक क्यूब असतो, म्हणजे थर फिरवून प्रत्येक बाजू एकाच रंगाची करायचा तो रंगीत ठोकळा. हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये बनवलेलं हे कोडं आजही मुलांना वेड लावतंय, याचं मला फार अप्रूप वाटतं. ती आधी तळाचा पांढरा क्रॉस बसवते, मग कोपरे, आणि शेवटच्या थराला तर बोटं इतकी भराभर फिरतात की नुसता खटखट आवाज ऐकू येतो. कुठलीही मांडणी जास्तीत जास्त २० चालींत सुटते हे २०१० मध्ये सिद्ध झालंय, हेही मला तिनेच सांगितलं. हे सगळं ती शिकली कुठे? त्याच मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून!

तिचा मित्र माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये रेडस्टोन (गेममधली विजेच्या तारेसारखं काम करणारी वस्तू) वापरून आपोआप उघडणारी दारं बनवतो. दोन कळा एकदम दाबल्या तरच दार उघडेल अशी त्याने केलेली जोडणी मी स्वतः पाहिली. संगणकाच्या पुस्तकातलं ‘अँड गेट’ म्हणजे नेमकं हेच की.

रात्री उशिरापर्यंत जागणं, अर्धवट झोप, याबद्दल लेखात लिहिलंय ते खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण लेखकाने एकदा तरी एखाद्या मुलाशेजारी बसून ‘हे कसं केलंस, मला दाखव’ असं विचारायला हवं होतं. भाची मला अजून शेवटचा थर शिकवतेय.