नवतप्यातलं पोटपाणी

खान्देशात मे महिन्यात, त्यातही नवतप्यात म्हणजे महिनाअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळी नऊनंतर शहाणा माणूस गॅसजवळ उभा राहत नाही, आणि दीड वर्षाच्या पोराला खरी भूक नेमकी साडेदहाला लागते. सूर्य, पोर आणि परसातला गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल हे तिघं एकमेकांना विचारून काही करत नाहीत. या तिघांच्या मधे जो उभा असतो, त्याला घरात 'रिकामा आहे तर जरा बघ' असं म्हणतात. उन्हाळाभर हे पद माझ्याकडे असतं.

पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की भाजीपाल्याची हौस आपोआप गाळली जाते. टोमॅटो रुसतो, कारण दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर गेलं की त्याचा फुलोरा फळ न धरता गळतो. कोथिंबीर धड उगवत नाही, आणि उगवलीच तर चार पानं दाखवून फुलावर जाते. उरतात गिलकी, दोडकी, भेंडी, गवार, चवळी आणि पोकळ्याची पालेभाजी. म्हणजे नेमक्या त्याच भाज्या, ज्या बघून मोठी माणसंसुद्धा 'आज शेवभाजी करा ना' म्हणतात.

पाणी घालायचं ते सूर्य उगवायच्या आत. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी थेट चहा टाकण्याच्या लायकीचं असतं, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं त्याहून एक उकळी पुढे. ते मुळांना दाखवू नये. मातीत बोट खुपसायचं, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. बुडाशी केळीची वाळकी पानं दोन-तीन इंच जाड पसरली की ओल दुपारपर्यंत टिकते. रावेर-यावलकडे या पानांना तोटा नाही. वरून हिरवी शेडनेट, पन्नास टक्क्यांची. पोराला हे सगळं फार आवडतं. ते केळीची पानं उचलून खाली कोण राहतं ते बघतं आणि एकेक पान माझ्याकडे आणून देतं.

मग फुलं. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी, म्हणजे पोराला दोन पाळ्यांत काम आहे. नर फुलं घोसात येतात. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या मागे बोटाएवढं इवलं गिलकं आधीपासूनच लागलेलं असतं. शंभर नर फुलं समोर असताना पोर हात घालणार ते मादीलाच, कारण तिला धरायला मूठ असते! अशी रोज एक मूठ गेली की आठवड्याची भाजी गेली. यावर उपाय म्हणजे त्यालाच नोकरीवर ठेवणं. घोसातलं एक नर फूल तोडून त्याच्या हातात द्यायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि सकाळी आठच्या आत मादी फुलाच्या मधोमध ते हलकं टेकवायला लावायचं. मधमाश्या उन्हामुळे संपावर असतात तेव्हा हे काम खरोखर उपयोगी पडतं. पाकळी मग पोर खातं. गिलक्याच्या पाकळीने काही होत नाही, त्यावर फवारलेल्या औषधाने होतं, म्हणून पोर असलेल्या घरात वेलावर औषध नाही.

भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. तिचं टोक वाकवलं आणि कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून, आणि जून भेंडी पोराच्या तोंडात गेली की चोथा भिंतीवर येतो. पानांच्या लवेने अंगाला खाज सुटते, तेव्हा भेंडीत शिरताना त्याला पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. ४५ अंशांत पूर्ण बाह्यांचा सदरा घालून घेणारं पोर अजून जन्माला यायचं आहे.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न्यायची नाही. पाण्याचा ताण पडला की काकडी, दुधी, गिलकं कडू होतं. देठाकडचा तुकडा कापून आधी आपण चाखायचा. कडू काकडी टाकून द्यायची. कडू दुधी तर कुणाच्याच पोटात जाऊ द्यायचा नाही, त्याने उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात पोहोचतो. काकडीची दोन टोकं घासून फेस काढण्याचा आजीचा कार्यक्रम चालू द्यावा, तिला बरं वाटतं. पण निकाल जिभेचाच.

आता स्वयंपाक. आमच्याकडे मिरची हा मसाला नसून पाया आहे. भाजी म्हणजे ठेच्याला लागलेलं निमित्त. अशा घरात पोरासाठी बिनमिरचीचं करायचं म्हटलं की सगळे 'बाळ आजारी आहे का' म्हणून विचारतात. दोन पातेली लावायची तर दुप्पट वेळ गॅसजवळ, म्हणून एकच पातेलं आणि वरून फोडणी. पाव किलो गिलकी हलकी सोलून चकत्या करायच्या. दोन चमचे मूगडाळ अर्धा तास भिजवलेली. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हळद, मग गिलकी आणि डाळ, वर झाकण. पाणी अजिबात नाही, कारण गिलक्यालाच इतकं पाणी सुटतं की नवख्या माणसाला रस्सा झाल्यासारखं वाटतं. मीठ शेवटी. पातेलंभर चकत्या शिजून निम्म्याहून कमी होतात, आणि सुरुवातीला ढिगाकडे बघून घातलेलं मीठ मात्र तेवढंच राहतं. भाजी मऊ झाली की पोराची वाटी आधी बाजूला काढायची. उरलेल्या भाजीवर कढत तेलात हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचं कूट परतून ओतायचं. पोर आपली वाटी ढकलून तुमच्या ताटाकडे बोट दाखवतं ते याच क्षणी.

मिरचीचा दुसरा धोका हाताला. ठेचा कुटलेल्या बोटांनी त्याचं नाक पुसलं की अख्ख्या गल्लीला कळतं. नुसत्या पाण्याने ती आग जात नाही, आधी हाताला तेल चोळायचं आणि मग साबण. शेंगदाणे त्याच्या हाती अख्खे कधीच द्यायचे नाहीत. फुटाणे, अख्खी द्राक्षं, टरबुजाच्या बिया, सगळं घशात अडकणारं. कूट चालतं.

माझं मत विचाराल तर खान्देशाने लहान पोरांसाठी केलेला सर्वांत शहाणा पदार्थ म्हणजे फुनके. एक वाटी तूरडाळ चार-पाच तास भिजवायची, निथळून पाणी न घालता भरड वाटायची, त्यात बारीक चिरलेला कांदा, लसूण, जिरं, मीठ आणि मूठभर चिरलेला पोकळा. मुठीत दाबून मुटके करायचे, पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. डाळ गंधासारखी बारीक वाटली तर मुटका दगड होतो. पोराला मुटका कोरडा द्यायचा नाही, घशाला चिकटतो. पातळ, कमी आंबट कढीत कुस्करायचा. पोकळ्याची हिरवी पानं वेचून काढायची त्याची हातोटी या पदार्थापुढे हरते.

किती खायला हवं यावर घरात दोन पक्ष आहेत. दीड वर्षाच्या पोराला एका वेळी पाऊण ते एक वाटी, वाटी २५० मिलिलिटरची, अशी दिवसाची तीन-चार जेवणं आणि मधे एक-दोनदा खाऊ पुरतो. आजीच्या हिशेबात मात्र पोर जागं आहे म्हणजे उपाशी आहे. "पोऱ्याले भूक लागनी" म्हणत ती दूध पाजते, मग दूध पिऊन पोर जेवत नाही, मग न जेवल्याबद्दल पुन्हा दूध. या चक्राला बाहेरून हात घालणाऱ्याचा हात भाजतो. गावाकडून आलेल्या केळीच्या घडाचंही तसंच, सगळी केळी एकाच दिवशी पिकतात आणि पोराला त्या दिवशी केळं नको असतं.

शिजवलेलं अन्न या उन्हात तासाभराच्या वर बाहेर ठेवायचं नाही. सकाळचं वरण दुपारी झाकण उघडलं की फेसाळून बोलायला लागतं. म्हणून नऊच्या आत जे शिजलं ते निवताच छोट्या वाट्यांत फ्रिजमध्ये, आणि लागेल तेव्हा एकच वाटी काढून चांगली गरम करायची. उरलेली उष्टी वाटी परत आत नाही. भरवायचं कूलरच्या वाऱ्यापासून बाजूला बसून. समोर बसलात तर खिचडीची शितं तुमच्या चष्म्यावर येतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस. आंबे तासभर पाण्यात ठेवायचे आणि देठाकडचा चीक पिळून टाकायचा, तो ओठाला लागला की पुरळ उठतो. पोराला वाटी-चमचा देऊन उपयोग नाही, रस कोपरापर्यंत जाणारच. माझा सल्ला सरळ आहे: अंघोळ रसानंतर. आजीचा नियमही सरळ आहे: पारोशाने सणाचं जेवायचं नाही. तोडगा म्हणून दोन अंघोळी ठरतात, आणि नळाला पाणी रोज येत नाही. तेव्हा दुसरी अंघोळ साबण न लावता, घमेल्यात बसवून, भेंडीच्या वाफ्यात. चिकट अंगाने बसल्या बसल्या पोर हाताशी आलेली कोवळी भेंडी देठासकट तोडून खातं. सकाळी हीच भेंडी मऊ शिजवून, तूप घालून वाटीत दिली होती, तेव्हा थुंकली होती.