आठ सप्टेंबरला म्हणे सूरच जन्माला येतो

सप्टेंबर लागला की संगीतातल्या मंडळींच्या वाढदिवसांची एक यादी फिरायला लागते. चेक संगीतकार अन्तोनिन ड्वोर्झाक (१८४१), अमेरिकेच्या कंट्री संगीतातला सुरुवातीचा मोठा गायक जिमी रॉजर्स (१८९७), भूपेन हजारिका (१९२६), कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन (१९३२), आशा भोसले (१९३३), पॉप गायिका पिंक (१९७९). सगळ्यांचा वाढदिवस ८ सप्टेंबर. इथवर सगळं खरं आहे आणि वाचायला मजाही येते. खटकतो तो यादीखालचा मजकूर. सहा जण एका तारखेला येणं हे लाखो अब्जांत एखाद्या वेळी घडतं, म्हणून हा योगायोग नव्हे. या तारखेच्या कलावंतांचा पिंडच एक असतो: मातीशी नातं आणि आवाजात वेदना. आणि इतर तारखांना एकाच दिवशी जन्मलेल्या कलावंतांच्या जोड्याही हेच सांगतात, असे तीन दावे त्यात आहेत.

आधी आकडा बघू. ३६५ सहा वेळा घेऊन एकमेकांशी गुणलं की भलीमोठी संख्या येते आणि माणूस दबून जातो. पण हा हिशेब लागू कधी होतो? ही सहा नावं आणि ८ सप्टेंबर ही तारीख आधीच ठरवून, मग जन्मदाखले उघडले असते तर. इथे उलटं झालंय. दाखले आधी चाळले, गर्दी दिसली ती तारीख उचलली आणि तिथलीच नावं निवडली. निशाण नंतर ठरवलं की नेम चुकतोच कसा?

खरा प्रश्न वेगळा आहे: किती नावांतून निवड झाली? सगळे देश, सगळे प्रकार, तीन-चारशे वर्षं धरली तर नामवंत संगीतकार तीन हजार तरी सहज निघतील. वर्षात तारखा ३६६. प्रत्येक तारखेला आठच नावं ठेवायची म्हटलं तर ३६६ गुणिले ८, म्हणजे २,९२८ जणांचीच सोय होते. उरलेले ७२ कुठे जाणार? म्हणजे निदान एका तारखेला नऊ जण येणारच. ते टाळणं शक्यच नाही. सहा जणांचं कौतुक करणाऱ्याने खरं तर यादी आखूड केली आहे. ब्रिटिश संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस (१९३४) आणि स्वीडनचा डीजे अविची (१९८९) हेही ८ सप्टेंबरचेच. ते राहून गेले.

चार वर्षांतून एकदा येणाऱ्या २९ फेब्रुवारीलासुद्धा ऑपेरावाला रोसिनी (१७९२), जॅझ सॅक्सोफोनवादक जिमी डॉर्सी (१९०४) आणि रॅपर जा रूल (१९७६) असे तिघं भेटतात. सगळ्यात दुर्मीळ तारखेची ही स्थिती, तर बाकीच्यांचं काय सांगायचं.

आता पिंडाबद्दल. ‘मातीशी नातं आणि आवाजात वेदना’ हे लक्षण इतकं सैल आहे की ते कुणालाही बसतं. नीट पाहिलं तर ही माणसं एकमेकांपासून फार लांब आहेत. रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन (गाडीचे ब्रेक सांभाळणारा) होता, क्षयाने खंगला. मे १९३३ मध्ये न्यू यॉर्कच्या स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकली होती. एक गाणं झालं की तो आडवा व्हायचा, उठून पुढचं गायचा. त्यानंतर दोनच दिवसांत तो गेला. ड्वोर्झाक प्रागच्या नाट्यगृहात व्हायोला वाजवत वर आला. आशाताईंनी गझलपासून कॅबरेपर्यंत सगळं गायलं. यांना एका पिंडाचे म्हणायचं तर वेगळ्या पिंडाचं उरतं कोण?

गंमत म्हणजे यादीत एक खरा दुवा दडलाय आणि तो लिहिणाऱ्याला दिसलाच नाही. ड्वोर्झाक १८९२ मध्ये न्यू यॉर्कला शिकवायला गेला आणि तिथे कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं ऐकून भारावला. हजारिका त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात पीएचडीसाठी गेले, कृष्णवर्णीय गायक पॉल रॉब्सनना भेटले आणि रॉब्सनच्या मिसिसिपीवरच्या गाण्यापासून प्रेरणा घेऊन त्यांनी आपलं नदीचं गाणं रचलं. हे साम्य खरंखुरं आहे. फक्त ते न्यू यॉर्कचं आहे, ८ सप्टेंबरचं नाही.

आणि तारखेनेच गळा घडतो म्हणायचं तर मंगेशकरांच्या घराचं काय करायचं? लतादीदी २८ सप्टेंबर, आशाताई ८ सप्टेंबर, हृदयनाथ २६ ऑक्टोबर. मीना आणि उषा यांच्या तारखा आणखी वेगळ्या. पाच भावंडं, पाच तारखा, आणि पाचही जण संगीतात. समान होते ते मास्टर दीनानाथ आणि घरातला रियाज.

राहिल्या इतर जोड्या. जर्मन संगीतकार बाख आणि बिस्मिल्ला खाँ दोघंही २१ मार्चचे, असं लिहिलेलं असतं. खाँसाहेबांची तारीख आजच्या कॅलेंडरची, १९१६ सालची. बाखची १६८५ ची मात्र जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. त्याच्या मुलखाने नवं कॅलेंडर १७०० मध्ये घेतलं. आजच्या मोजणीने त्याचा जन्मदिवस ३१ मार्च. त्या दिवसाच्या ग्रहताऱ्यांचा प्रभाव म्हणणाऱ्यांनी दहा दिवसांचा हा फरक कुठे बसवायचा ते ठरवावं. बेथोव्हेनला १६ डिसेंबर सर्रास चिकटवतात. नोंद आहे ती १७ डिसेंबर १७७० च्या बाप्तिस्म्याची (चर्चमधल्या नामकरणविधीची), जन्माची नाही.

सगळ्यात लाडकी जोडी किशोर कुमार (१९२९) आणि अमेरिकन जॅझ गायक-ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची: ४ ऑगस्ट, दोघंही खट्याळ, दोघंही शब्द सोडून नुसत्या आवाजांशी खेळणारे. पण आर्मस्ट्राँग स्वतः आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगत आला आणि १९७१ मध्ये गेला. ४ ऑगस्ट १९०१ ही तारीख चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीतून बाहेर आली ती १९८० च्या दशकात. तो कागद सापडला नसता तर हीच मंडळी आज त्याच्या गाण्यात ४ जुलैची लक्षणं दाखवत बसली असती.